पाय धुण्याचं काम : मोरारमधला एक दिवस

पहाटे 4.45

जानेवारीत ग्वाल्हेरची पहाट धुक्यात उगवते. उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे टॉर्च घेऊन दोन्ही खोल्यांतून फिरायचं आणि प्रत्येक खाटेखाली वाकून बघायचं. थंडी सोसेनाशी झाली की रात्री कुणीतरी अंगीठी, म्हणजे शेगडी, हळूच आपल्या खाटेकडे ओढून घेतं. आपल्याला चटका बसला की पाय आपोआप मागे येतो. इथल्या बऱ्याच जणांच्या पायांना चटका कळतच नाही. सकाळी कातडी सुटलेली दिसते, तेव्हा हे कधी झालं याचं त्या माणसालाच नवल वाटतं. म्हणून रात्री नऊला सगळ्या अंगीठ्या बाहेर काढायच्या असा नियम आहे आणि पहाटेची ही फेरीही त्यासाठीच.

मोरारमधलं हे मिशनचं घर लहान आहे. चाळीसेक माणसं राहतात. काही जण कुष्ठरोगातून केव्हाच बरे झालेले, पण हातापायांत व्यंग राहिलं म्हणून गावानं आणि घरानं परत न घेतलेले. बाकीचे निराधार म्हातारे. मी मूळची नगर जिल्ह्यातली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयात नर्सिंग शिकले आणि मिशनच्या कामासाठी घर सोडून इकडे आले. परमुलखात सेवेला निघालेल्या माणसाला मंडळी थाटानं निरोप देते. हार घालतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, गीतं म्हणतात. कामाच्या जागी पोहोचलं की पहिल्या दिवशी हातात बादली येते. त्या निरोपाचा आणि या बादलीचा मेळ कसा बसतो, ते मला इथे सांगायचं आहे. तो बसतो, आणि फार चांगला बसतो, असा माझा अनुभव आहे.

पहाटे 5.30

प्रार्थना. ही फक्त आम्हा काम करणाऱ्यांची असते. कोपऱ्यातल्या खोलीत पाच जण शाली गुंडाळून बसतो. एक मल्याळी, एक मिझो, दोघं इथलेच हिंदी बोलणारे आणि मी. जो तो आपापल्या भाषेत प्रार्थना करतो. माझ्या वाट्याला गीत आलं की मी ना. वा. टिळकांचं एखादं म्हणते. शब्द कुणाला कळले नाहीत तरी चाल सगळ्यांना येते.

आमच्या आधी इथे कोण कोण येऊन गेलं, याची आठवण या वेळी होते. मोरार ही इंग्रजांची छावणी होती. 1886 मध्ये ती शिंद्यांना परत मिळाली. त्याआधीच, 1870 च्या दशकात, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे जोसेफ वॉरेन उतारवयात इथे येऊन राहिले. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी अलाहाबादला मिशनचा छापखाना चालवण्यात घालवली होती. मिशनरी म्हटलं की व्यासपीठावर उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. वॉरेन यांच्या दिवसाचा मोठा भाग मात्र खिळे, शाई, कागद आणि बांधणी यांतच गेला असणार. 1877 साली ते इथेच वारले आणि त्यांच्या पत्नी पुढे काम करत राहिल्या.

सकाळी 6.00

अंथरुणाला खिळलेल्यांची पाळी. बेडपॅन द्यायचं, काढायचं, धुवायचं, कोरडं करून जागेवर ठेवायचं. ज्यांना कळत नाही त्यांची चादर बदलायची. माणसाला कुशीवर वळवून जुनी चादर पाठीमागे गुंडाळत न्यायची आणि तिच्याच लगत नवी उलगडत आणायची. मग दुसऱ्या कुशीवर वळवलं की जुनी निघते, नवी बसते. खाली एकही सुरकुती राहता कामा नये. जो स्वतः हलू शकत नाही, त्याच्या पाठीखाली राहिलेली एक सुरकुती दोन-चार दिवसांत जखम करते. तशी जखम भरायला महिने लागतात. चादर ओढून ताणायला लागतं अर्धं मिनिट.

माणसाला वळवलं की पाठ, कंबर आणि टाचा बघायच्या. लाल डाग दिसला तर बोटानं दाबायचा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर आजपासून त्या अंगावर झोपवायचं नाही.

खराब चादरी आधी गार पाण्यात खळबळायच्या. गरम पाणी आधी टाकलं तर डाग धरून बसतात. जानेवारीत हे पाणी हाडापर्यंत जातं. तिघरा धरणाचं पाणी नळाला येतं तेवढ्या वेळात पिंपं भरून घ्यावी लागतात, त्यामुळे हे काम ऊन पडेपर्यंत थांबवता येत नाही.

चादरी धुवायला सध्या माझ्यासोबत ऐझॉलहून आलेली मुलगी असते. तिला गाता येतं, गिटार वाजवता येते. मुलांत काम करायचं, गाणी शिकवायची, असं मनात धरून ती आली होती. आल्या आल्या तिच्या वाट्याला न्हाणीघर आणि चादरी आल्या. काही आठवडे ती गप्प गप्प असायची. एकदा मी विचारलं, घरची आठवण येते का? ती म्हणाली, "दीदी, मला इथे पाठवायला आमच्या गावातल्या बायकांनी तांदूळ दिलेत. त्यांना मी काय लिहू? चादरी धुते म्हणून?"

त्या तांदळाची गोष्ट अशी. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातला मूठभर वेगळ्या डब्यात टाकतात. रोज, प्रत्येक जेवणाच्या वेळी. त्याला ‘बुहफाइ थम’ म्हणतात. 1910 पासून ही रीत चालू आहे. साठलेले तांदूळ चर्च गोळा करतं, विकतं आणि त्या पैशातून देशभर कामाला माणसं पाठवतं. आपल्याकडच्या मुष्टिफंडासारखीच ही रीत, फक्त शंभर वर्षांहून अधिक काळ न तुटता चाललेली. चुलीपुढच्या बाईला हे काम मोठं वाटत असेल असं नाही. डब्याचं झाकण काढायचं, मूठ टाकायची, झाकण लावायचं. त्या मुठींवर एवढी मोठी संस्था उभी आहे.

मी तिला म्हटलं, "चादरी धुते असंच लिही. ज्या बाया मूठ मूठ तांदूळ टाकतात, त्यांच्याइतकं हे कुणाला कळणार?" तिनं तसंच लिहिलं. काय उत्तर आलं ते तिनं मला सांगितलं नाही, पण त्यानंतर चादरी धुताना ती गायला लागली.

सकाळी 7.30

चहा आणि दलिया. ग्वाल्हेरच्या थंडीत चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसणं हे मोठं सुख असतं. आमच्याकडे ते धोक्याचं आहे. स्टीलच्या ग्लासातला उकळता चहा बधिर बोटांना कळत नाही आणि दुपारपर्यंत फोड येतात. म्हणून आम्ही मोठ्या कानाचे जाड कप वापरतो. ज्यांची बोटं आत वळली आहेत, त्यांच्या कपाच्या कानाला कापडाची पट्टी गुंडाळलेली असते. चमच्यांच्या दांड्यांवरही तशीच पट्टी असते. त्या पट्ट्या भिजतात, मळतात, सुटतात. आठवड्यातून एकदा सगळ्या सोडून, धुऊन पुन्हा गुंडाळायच्या. त्या गुंडाळलेल्या असल्या की माणूस आपल्या हातानं जेवतो. सुटल्या की त्याला दुसऱ्यानं भरवावं लागतं.

सकाळी 8.30

आता दिवसातलं मुख्य काम. अंगणात उन्हाची पहिली तिरीप आली की भिंतीला लागून बाकं मांडतो. समोर प्लॅस्टिकचे टब. पाणी कोमट हवं, गरम नको. पाणी बघायचं ते आमच्या कोपरानं. त्यांच्या हातापायांवर भरवसा ठेवायचा नाही. मग पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवून बसायचं. इथल्या पायांना घाम येत नाही, कारण घाम आणणाऱ्या नसाही रोगानं मेलेल्या असतात. त्यामुळे कातडी कोरडी पडते, तडकते आणि भेगेतून जंतू आत जातात. पाण्यात ती मऊ होते. मग वजरीनं टाचेची, चवड्याची जाड कातडी हळूहळू घासायची. पुसायचं नाही, ओल्यावरच तेल चोळायचं, म्हणजे पाणी आत टिकतं. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या करायच्या.

मी खाली पाटावर बसते. पाय मांडीवरच्या टॉवेलवर घेते. आधी बघते, मग हात फिरवते. तळव्यावर हाताची पालथी बाजू फिरवत न्यायची. एखादी जागा आसपासच्या कातडीपेक्षा गरम लागली, तर आत काहीतरी बिघडतंय. वरून काही दिसत नसतं. त्या माणसाला विचारावं तर तो म्हणतो, "कछु नईं है सिस्टर, बिलकुल ठीक है." तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही होत नसतं.

आज एका बाबांच्या चवड्याखाली अशी गरम जागा लागली. घासून कातडी पातळ केली तर आत बाभळीचा काटा. चपलेतून आरपार आलेला. दोन दिवस ते त्यावर चालत होते. चिमट्यानं काटा काढला, जखम सलाइननं धुतली, गॉज ठेवून बांधलं आणि चार दिवस चालायचं नाही असं सांगितलं. काटा तळहातावर ठेवून त्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखून पाहिला.

आमच्या कामामागचं शास्त्र डॉ. पॉल ब्रँड यांनी घालून दिलं. मिशनरी आईबापांच्या पोटी 1914 मध्ये तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मलेला हा माणूस लंडनला शल्यचिकित्सा शिकला आणि 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला. कुष्ठरोगानं बोटं झडतात, मांस सडतं, असं तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड यांनी एकेका रुग्णाच्या एकेका जखमेचा माग काढला. कुणी गंजलेल्या कुलपात किल्ली इतक्या जोरानं फिरवली होती की बोट हाडापर्यंत चिरलं. कुणाची बोटं रात्रीत लहान होत होती. रात्रभर पहारा ठेवला तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. पुढे घरी जाणाऱ्या रुग्णासोबत मांजर द्यायची पद्धत त्यांनी पाडली. रोग बोटं खात नाही. रोग वेदना हिरावून घेतो, आणि वेदना गेली की राखण करणारं कुणी उरत नाही.

ब्रँड यांनी स्नायुबंध फिरवून वळलेले हात सरळ करण्याच्या अवघड शस्त्रक्रिया केल्या, त्यासाठी जग त्यांना ओळखतं. पण शस्त्रक्रियेनं हात सरळ झाला तरी त्यात वेदना परत येत नाही. ती जागा कुणीतरी रोज भरून काढावी लागते. रोज बघायचं, रोज हात फिरवायचा. ज्याला दुखत नाही, त्याचं दुखणं आपण ओळखायचं. बादलीचा अर्थ मला या पाटावर बसून कळला. आपल्या हाताला जे कळतं, ते ज्याला कळत नाही त्याच्या उपयोगी आणायचं, एवढंच हे काम आहे. त्याला हुशारी फारशी लागत नाही. लक्ष मात्र पुरं लागतं. प्रार्थनेत मन भरकटलं तर देव सांभाळून घेतो. पायावर हात फिरवताना मन भरकटलं तर काटा आत राहतो.

येशूनं शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या पाळकांच्या प्रवचनात त्याचा अर्थ नेहमी नम्रता असाच असे. तो आहेच. पण इथे बसल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाय धुणाऱ्याला पाय जवळून दिसतात. कुठे भेग आहे, कुठे ठेच लागली आहे, कोण किती चालून आलाय, हे उभ्या माणसाला दिसत नाही. खाली बसलेल्याला दिसतं.

दुपारी 12.00

स्वयंपाकघर. आज मुगाची डाळ, बटाटा-मटार, पोळ्या. मटार सोलण्याचं काम मुद्दाम रहिवाशांकडे दिलेलं असतं. शेंग धरून तिची शिवण उसवणं हा वळलेल्या बोटांना चांगला व्यायाम आहे. वेळ लागतो. बाजारातून सोललेले आणले तर अर्धा तास वाचेल, पण ते आम्ही करत नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा मठवासी होता. सैन्यात लढलेला, पायानं अधू झालेला, शिकलेला फारसा नाही. त्याला स्वयंपाकघरात घातलं. ते काम त्याला मुळीच आवडत नव्हतं. तिथेच त्यानं पुढे अनेक वर्षं काढली आणि भांड्यांच्या खडखडाटातही देव वेदीपुढच्याइतकाच जवळ असतो, असं तो म्हणू लागला. 1691 साली तो वारला, तेव्हा त्याच्यामागे राहिली ती थोडी पत्रं आणि काही संभाषणांच्या नोंदी. त्यावर आजही जगभर माणसं जगतात. म्हातारपणी पाय जास्तच दुखू लागले तेव्हा त्याला बसून करायचं काम दिलं, मठातल्या लोकांच्या चपला शिवायचं.

आमच्याकडेही चपलांचं काम आहे आणि ते फार महत्त्वाचं. आतला तळ मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा, बाहेरचा टणक, काटा आत न येणारा. मागे पट्टा, म्हणजे पकडून चालायला बोटं आवळावी लागत नाहीत. खिळा एकही नाही. सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. खिळा वर आला तर घालणाऱ्याला कळणार नाही. सकाळी काटा निघाला त्या बाबांची चप्पल तपासली, तर बाहेरचा तळ झिजून कागदासारखा झाला होता. ती दुपारी शिवणाऱ्याकडे गेली.

दुपारी 2.00

दुसऱ्या एका बाबांना घेऊन जयारोग्य रुग्णालयात. मोरारहून ठाठीपूर, फूलबाग करत शहराच्या लष्कर भागात जायचं. धुकं अजून पुरतं विरलेलं नसतं आणि किल्ला आहे तिथे नुसता राखाडी पडदा दिसतो. पायाचा एक्स-रे काढायचा आहे. हाडापर्यंत जखम गेली का ते बघायला.

रांग मोठी असते. बाकावर आम्ही बसतो आणि शेजारचा माणूस बाबांच्या हाताकडे बघून थोडा सरकतो. थोड्या वेळानं उठून उभा राहतो. असं अजून होतं. 1980 च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग जातो आणि औषध सुरू झाल्यावर लवकरच लागण होण्याचा धोका संपतो. ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. 1898 चा कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून धरणारी कलमं 2019 मध्ये काढली गेली. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात आणि अनेक जण बाकावरून सरकणाऱ्या माणसांच्या भीतीनं उशिरा येतात. उशीर झाला की नसा मरतात, आणि मेलेली नस कुठल्याही गोळीनं परत येत नाही.

अशा वेळी माझं काम काय? फाइल धरायची, नंबर लक्षात ठेवायचा, बाबांना पाणी द्यायचं आणि त्यांना लागून बसायचं. त्यांच्या हातावर हात ठेवून बसायचं, तो सगळ्यांना दिसेल असा. भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो हे मी पाहिलं आहे. आज दीडेक तासानं एक बाई येऊन त्याच रिकाम्या जागेवर बसल्या आणि त्यांनी बाबांना विचारलं, कुठून आलात?

लोक मला विचारतात, हे सगळं करता, बदल्यात काय मागता? प्रश्न सरळ असतो, मीही सरळ उत्तर देते. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मध्ये तो आणखी कडक झाला. पण कायदा नसता तरी आमचं उत्तर हेच असतं : काही मागत नाही. आमच्या घरात सकाळी कुणी हनुमान चालीसा म्हणतं, कुणी नमाज पढतं. पाय धुण्याच्या बदल्यात कुणाचा विश्वास मागणं म्हणजे त्या सेवेचा सौदा करणं. येशूनं ज्यांचे पाय धुतले, त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता.

संध्याकाळी 5.00

परतल्यावर नखं कापणं. बधिर बोटाचं नख कापताना कातरी कातडीत गेली तरी समोरचा ‘हाय’ म्हणत नाही. म्हणून सरळ आणि थोडं राखून कापायचं.

लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी घरातल्या आजी आमच्याकडे आहेत. घरचं कुणी उरलं नाही. नखं कापून घेताना त्यांना मराठी बोलायचं असतं. त्यांची मराठी ग्वाल्हेरची, हिंदीच्या वाटेनं गेलेली. "बाई, आज ठंड फार आहे हो. गजक आणली का कुणी मोरेन्याची?" मी त्यांना तिळाची गजक बारीक तुकडे करून देते. दात नाहीत, चघळतात. दत्ताच्या देवळातल्या गुरुवारच्या आरतीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. त्यांची आठवण शाबूत आहे का, याची तपासणीही त्यात होते, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदाच मधला भाग गाळला, हे मी नोंदवहीत लिहून ठेवलं.

संध्याकाळी 6.30

डोळे तपासायचे. चेहऱ्याच्या नसा गेल्या की पापणी मिटत नाही. डोळा कोरडा पडतो, धूळ गेली तरी कळत नाही आणि बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाते. थेंब घालायचे आणि झोपताना स्वच्छ कापड डोळ्यांवर बांधायचं.

मिझो मुलगी कापडाच्या घड्या करत होती. ती म्हणाली, "दीदी, तुमच्या मराठीत असं काम कुणी सुरू केलं?" मी तिला पंडिता रमाबाईंबद्दल सांगितलं. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टर्सकडे राहिल्या. त्यांना काही दिवस लंडनजवळ फुलहॅमला पाठवलं होतं. समाजानं टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स प्रेमानं सांभाळत होत्या. ज्या बायकांना आपल्याकडे कुणी उंबरा ओलांडू दिला नसता, त्यांची अशी सेवा होताना रमाबाईंनी पाहिली आणि हे कशामुळे घडतं, असं विचारलं. उत्तरादाखल एका सिस्टरनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. वेदशास्त्र कोळून प्यालेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या बाईच्या मनावर ठसलं ते एका घरात रोज चाललेलं साधं काम. पुढे 1897 च्या दुष्काळात त्या याच मध्य भारतातून उपाशी, आजारी मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळेही मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले.

"म्हणजे त्यांनीही चादरी धुतल्या असतील," ती म्हणाली.

"दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली म्हटल्यावर," मी म्हटलं, "पहिलं काम तेच असणार."

रात्री 8.30

नोंदवही. कुणाचे पाय धुतले, कुणाची जखम किती सेंटिमीटर, कुणाला वळवलं, कुणी जेवलं नाही. मग अंगीठ्या बाहेर. त्यानंतर उत्तर लिहायचं होतं. आमच्या नगरकडच्या मंडळीतल्या तरुण संघानं विचारलं होतं : आम्हाला काही दिवस सेवेला यायचं आहे, तिथे आमच्यासाठी काय काम असेल?

त्यांना लिहिलं ते असं. गाणी म्हणा, प्रार्थना करा, पण तेवढ्यासाठी एवढ्या लांब येऊ नका. येण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची नखं कापायला शिका. सुरकुती न ठेवता चादर घालायला शिका. गार पाण्यात हात घालायची सवय करा. फोटो काढायचे नाहीत, इथल्या माणसांनी आयुष्यभर लोकांच्या नजरा सोसल्या आहेत. पहिले काही दिवस वाटेल की आपलं शिक्षण वाया चाललंय, हे काम कुणीही करेल. कुणीही करू शकतं हे खरं आहे, पण करणारे थोडे आहेत म्हणून तुम्हाला बोलावते. आणि हे काम म्हणजे पुढच्या मोठ्या कामाची पहिली पायरी, असं समजून येऊ नका. इथे याच्यापेक्षा मोठं काम नाही. ज्याला दुखणं कळत नाही, त्याच्यासाठी ते तुमच्या हाताला कळेल, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही.

शेवटी एवढंच लिहिलं की उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघू नका. थंडीत या. अंगीठीनं भाजलेल्या जखमा तेव्हा सगळ्यात जास्त असतात आणि पहाटेच्या फेरीला आम्ही कमी पडतो.